हिरानखीचं बुटकं झाड

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे जागेश्वर मामाजींना, धानाच्या बांधीत एक झाड जरी वेगळं दिसलं तरी चैन पडत नाही. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालता चालता त्यांचा हात खाली जातो आणि ते झाड मुळासकट वर येतं. दवनीवाड्यात आमच्या घरचं बियाणं शुद्ध म्हणून ओळखलं जातं ते या हातामुळे. लग्न होऊन आले त्या वर्षी मी त्यांना विचारलं होतं, की एवढ्या हिरव्या गर्दीत तुम्हाला वेगळं झाड दिसतं तरी कसं. ते म्हणाले, "दिसत नाही. खुपते."

घरात धान दोन प्रकारचा. एक माझ्या नवऱ्याचा, भुपेंद्रचा. त्या वाणाला सगळे नंबरानेच 'एक हजार दहा' म्हणतात. कमरेएवढा बुटका, पीक भरपूर, वाऱ्यात ढिम्म हलत नाही आणि शिजला तरी वास म्हणून नाही. दुसरा मामाजींचा हिरानखी. छातीपर्यंत उंच, दाणा बारीक, दाण्याच्या टोकाला काळपट नख. आमच्या चुलीवर हिरानखी शिजायला लागला की पलीकडच्या गल्लीतून विचारणा होते, आज पाहुणे कोण आले म्हणून.

पण या धानाचं एक वाईट आहे. लोंबी भरली की तिचं ओझं त्या उंच, बारीक खोडाला पेलत नाही. दिवाळीच्या सुमारास एक पाऊस आणि थोडा वारा आला की सगळी बांधी आडवी. पडलेल्या धानात हार्वेस्टर घुसत नाही. वाकून वाकून तो कापायला आता बाया मिळत नाहीत, आणि मिळाल्या तर दिवसभर आमचा उद्धार करतात. एका वर्षी तर पडलेल्या लोंब्या पाण्यात राहिल्या आणि दाण्यांना जागच्या जागी कोंब फुटले. त्या दिवशी भुपेंद्रने बापाला सांगून टाकलं.

"बाबा, अजून दोन साल लावा. तोवर हा धान उभा राहाले शिकला तं ठीक. नाही तं सगळ्या बांध्यांत एक हजार दहा."

मामाजींनी तसा शब्द दिला. गावात दुसऱ्या कुणाकडे आता हिरानखी उरलेला नाही. आमच्या कोठीतून गेला म्हणजे गेला, हे त्यांना ठाऊक होतं आणि भुपेंद्रलाही ठाऊक होतं. भुपेंद्र दुष्ट नाही. त्याला फक्त वर्षभराची मेहनत चिखलात पडलेली बघवत नाही, आणि यात त्याचं काही चुकतं असं मला अजूनही वाटत नाही.

त्याच उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण चेतना गोंदियाहून चार दिवस राहायला आली. कृषी विद्यापीठात ती धानावर पीएचडी करते. बोलताना अर्धी हिंदी, आणि आपल्याआधी जगात कुणी शेती केलीच नाही असा तोरा. मोठी बहीण म्हणून मी तो खपवून घेत नाही, पण मामाजी तिचं सगळं ऐकून घेतात. त्यांचं दुखणं तिने ऐकलं आणि जेवता जेवता म्हणाली, "मामाजी, तुमच्या हिरानखीला थोडं बिघडवून बघायचं का?"

मामाजींचा घास हातातच राहिला. जन्मभर बियाणं शुद्ध ठेवणाऱ्या माणसाला त्याच्याच घरात बसून कुणी असं विचारावं, याचा मला रागच आला. मी चेतनाला डोळ्यांनी दटावलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. कोठीजवळ सांडलेला हिरानखीचा एक दाणा उचलून तिने तळहातावर घेतला आणि सांगायला लागली.

या दाण्याच्या प्रत्येक पेशीत एक मजकूर लिहिलेला आहे, ती म्हणाली. मुळं कशी फुटावीत, पान किती रुंद असावं, लोंबी कधी बाहेर यावी, सगळं त्यात. लिपी फक्त चार अक्षरांची, आणि मजकूर त्रेचाळीस कोटी अक्षरांचा. उंच वाढ असंही त्यात एका ठिकाणी लिहिलेलं आहे. तिथलं अक्षर मोडलं तर झाड बुटकं राहील. बाकी सगळं तसंच राहिलं तर बुटका हिरानखी मिळेल, न पडणारा.

"अना ते अक्षर तू कशानं मोडशील?" मामाजींनी विचारलं.

"नेमकं तेच मोडता नाही येत. अंधेरे में पत्थर. हजारो दाण्यांवर मारायचे आणि कुणाचं काय मोडलं ते बघत बसायचं."

मी तो दाणा तिच्या हातातून घेतला. त्रेचाळीस कोटी. नखाएवढा दाणा, आणि त्याच्या एकेका पेशीत एवढं लिहिलेलं, की रोज बसून वाचलं तर माझा जन्म पुरायचा नाही. बावीस वर्षं मी हे निवडत, पाखडत, शिजवत आले होते. मला एकदम माझ्या पाखडायच्या सुपाची भीती वाटली.

मामाजींनी दोन दिवस विचार केला आणि कोठीतलं सगळ्यात चांगलं बियाणं काढून दिलं. चेतनाने त्याचे दोन भाग केले. एक भाग मुंबईला गेला. तिथे कोबाल्ट नावाच्या धातूतून गॅमा किरण निघतात, ते या दाण्यांतून आरपार गेले. किरण आत शिरले की मजकुराची दोरीच तोडतात, किंवा पेशीतल्या पाण्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे जाऊन अक्षरांवर आदळतात. पेशी बिचारी घाईघाईने डागडुजी करते. कधी बरोबर जुळवते, कधी चुकीचं. दुसरा भाग विद्यापीठात एका रसायनात भिजवला. रसायन काही तोडत नाही. ते एखाद्या अक्षराला छोटीशी शेपटी चिकटवतं. पुढे पेशी मजकुराची नक्कल करायला बसते तेव्हा शेपटीमुळे तिला ते अक्षर दुसरंच वाटतं, आणि ती दुसरंच लिहून ठेवते. पुढच्या सगळ्या पेशींत मग तेच.

बियाणं परत आलं तेव्हा सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, आठदहा जण बघायला जमले. दाणे पहिल्यासारखेच दिसत होते. आमचे शेजारी केशोराव गालात तंबाखूचा खर्रा धरून बसले होते. ते म्हणाले, "जागेश्वरभाऊ, हा धान रातच्याले चमकंल बरं. खाल तं पोटातनं उजेड पडंल."

"काकाजी, छातीचा एक्स-रे काढला तेव्हा तुम्ही चमकले का?" चेतना म्हणाली. "किरण आले, गेले. दाण्यात काहीच राहिलं नाही. राहिली फक्त मोडतोड."

"मंग त्या औषधाले हातमोजे कायले घातले तू? फोटोत पायलं म्या."

"कारण ते दाण्याची अक्षरं बिघडवतं तशी माझीही बिघडवेल. अक्षरं तीच आहेत काकाजी, धानात आणि माणसात. उन्हातही असा एक किरण असतो, चामडीतली अक्षरं मोडणारा. आणि तुमच्या गालात आत्ता जो खर्रा आहे ना, तोही दिवसभर हेच काम करून राहिला. फरक एवढाच, की इथे चांगलं निवडायला आम्ही बसलो आहोत. तुमच्या गालात निवडायला कोणी नाही."

केशोराव उठून अंगणाच्या कडेपर्यंत गेले आणि थुंकून आले. त्या दिवशी तरी त्यांनी परत पुडी उघडली नाही.

पहिल्या वर्षी सगळंच फसलं असं वाटलं. निम्मे दाणे उगवलेच नाहीत. उगवले ते खुरटे, पानं पिरगळलेली, लोंब्या अर्ध्या पोचट. बुटकं वाटणारं एकही झाड धड नव्हतं. लोक धुऱ्यावरून जाताना मामाजींकडे बघायचे नाहीत, आणि ते जास्त लागायचं. चेतना मात्र खूश होती. प्रत्येक मजकुराच्या दोन प्रती असतात, ती म्हणाली, एक आईकडची, एक बापाकडची. एक मोडली तरी दुसरी काम भागवते, म्हणून मोडलेलं लगेच दिसत नाही. पुढच्या पिढीत काही झाडांच्या वाट्याला दोन्ही मोडक्या प्रती येतील. दिसेल ते तेव्हा. तिने एकेका लोंबीचे दाणे वेगळे बांधून ठेवले.

दुसऱ्या वर्षी खारीत, म्हणजे रोपवाटिकेत, पऱ्हे टाकले आणि पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी सासूबाईंनी, धुरपताबाईंनी, मला हाक मारून नेलं. हिरव्या रोपांच्या ओळी होत्या, आणि मध्ये काही ओळींत पांढरी रोपं. पिवळी नव्हे, रोगट नव्हे. दुधासारखी पांढरी, सरळ उभी, टोकाला दवाचा थेंब घेतलेली. बोटभर उंचीची ती रोपं बघून माझ्या अंगावर काटा आला. सासूबाईंनी हात जोडले होते. देवाला जोडतात तसे जोडले की भीतीने, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुपारपर्यंत अर्धं गाव बघून गेलं. चेतनाने फोनवर सांगितलं, की ज्या ठिकाणी हिरवा रंग तयार करायचं लिहिलेलं असतं तिथे कुठेतरी एक अक्षर बिघडलं आहे. हिरवा रंग नाही म्हणून ऊन खाता येत नाही. दाण्यात आईने जेवढी शिदोरी बांधून दिली आहे तेवढे दिवस ती जगतील.

तसंच झालं. मामाजी रोज त्या खारीजवळ जाऊन बसत. वेगळं झाड दिसलं की ज्यांचा हात शिवशिवतो, त्यांनी त्या पांढऱ्या रोपांतलं एकही उपटलं नाही. एकेक रोप मान टाकत गेलं. शेवटचं पडलं तेव्हा मी चहा घेऊन गेले होते. ते म्हणाले, "एका अक्षरानं एवढं होते, रुची. आपल्याले अजून कोनी वाचत बसलं नाही, म्हनून आपुन चालून राहिलो."

रोवणीला फुलवंता आपली बायांची टोळी घेऊन आली. चेतनाचा हुकूम होता, की एका ठिकाणी एकच रोप लावायचं आणि ओळीची सरमिसळ करायची नाही. "एक एक पऱ्हा लावाले आमी काय पोथी वाचून राहिलो काय?" असं म्हणत फुलवंताने सगळ्यांकडून ओळी नीट लावून घेतल्या. बोडीजवळची, म्हणजे छोट्या तळ्याजवळची, ती बांधी चेतनाची. तिच्या एका बाजूला मामाजींचा नेहमीचा हिरानखी, दुसऱ्या बाजूला भुपेंद्रचा एक हजार दहा. चेतना आठवड्याला यायची, ओळीओळीतून फिरायची, एखादं झाड वेगळं दिसलं की त्याला रंगीत दोरा बांधायची. एक रुंद पानांचं निघालं, एक लवकर निसवलेलं, म्हणजे लोंब्या आधीच बाहेर काढलेलं, एकाला फुटवेच फुटवे. बुटकं एकही नाही. धान गर्भात आला, लोंब्या खोडाच्या पोटात भरू लागल्या, तेव्हा तिचा आवाज बदललेला मला जाणवला. परीक्षेसाठी तिला दहा-बारा दिवस जावं लागलं. जाताना तिने मामाजींना बजावलं, "तुम्ही फक्त बघायचं. हात लावायचा नाही."

मामाजींनी कबूल केलं, आणि मनापासून केलं.

ती परत यायच्या दिवशी सकाळी मी बांधीकडे गेले. धान नुकता निसवत होता; उंचीतला फरक डोळ्यात भरतो तो याच वेळी. मामाजी चेतनाच्या बांधीतून वर येत होते, पाय पोटरीपर्यंत चिखलाने भरलेले, आणि धुऱ्यावर एक झाड मुळं वर करून पडलं होतं. भेसळीचं झाड ते असंच टाकतात, ऊन लागून लवकर मरावं म्हणून.

"मामाजी, हे काय उपटलं?"

"भुपेंद्रचा एक हजार दहा. एखादा दाना वाहून आला असंल बोडीच्या पान्यासंगं. चेतनाच्या बांधीत भेसळ नोको."

मी झाड उचललं. बुटकं होतं, माझ्या कमरेलाही लागलं नसतं, आणि खोड जाडजूड. मी लोंबीवरून बोट फिरवलं आणि थांबले. अर्ध्या बाहेर आलेल्या लोंबीतल्या प्रत्येक कोवळ्या दाण्याच्या टोकाला काळपट नख होतं. एक हजार दहाला नख नसतं.

मी लोंबी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली, मग पुन्हा जवळ नेली. आणि ओल्या धुऱ्यावर ते तसेच मटकन खाली बसले.

मग मी धावले. साडी खोचली, बोडीत उतरले, मुळं पाण्यात धरली. मुळांवरची माती अजून पुरती सुकली नव्हती. घरून घमेलं आणलं, त्याच बांधीतला चिखल भरला आणि झाड त्यात लावलं. रोवणीत पऱ्ह्यांचे शेंडे खुडतात तशी अर्धी पानं कापून टाकली, म्हणजे मुळांवरचा भार कमी व्हावा. घमेलं डोक्यावर घेऊन सपरीत सावलीला ठेवलं. मामाजी मागून आले ते खाली बघत.

दुपारच्या बसने चेतना आली. तिला सांगायचं काम मी केलं. ती घमेल्यासमोर उकिडवी बसली, खोड चाचपलं, लोंबी बघितली आणि रागाने तिचा आवाज चिरका झाला.

"पूरे खेत में एक पौधा, मामाजी. एक. मी सांगून गेले होते ना? आणि तुम्ही उपटायच्या आधी पान चुरगळून वास घेता. ताईनेच सांगितलं मला. आज काऊन नाही घेतला? वास घेतला असता तर कळलं असतं ना घरचं आहे की बाहेरचं."

खरं होतं ते. हिरानखीचं पानही वास देतं. शंका आली की मामाजी पान चुरगळायचे, नाकाशी धरायचे आणि मगच ठरवायचे. ते कधी बंद झालं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मामाजी खांबाला टेकून उभे होते. मग म्हणाले, "मले वास येतच नाही, पोरी. कोरोनातनं उठलो तवापासनं. कशाचाच नाही."

आतून सासूबाई आल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "मले ठाऊक हाये," त्या म्हणाल्या. "करपलेलं वरन मुकाट खाऊन उठले तुमी, तवाच समजली म्या."

"सांगून काय कराचं होतं?" मामाजी म्हणाले. "धान तं लावाचाच होता."

मला तिथे उभं राहवेना. आत जाऊन मी पदर तोंडाशी धरून रडले. ज्या वासासाठी हा माणूस पोटच्या पोराशी भांडत होता, तो त्याला इतकी वर्षं येतच नव्हता. रोज तो आमच्यासोबत बसून हिरानखीचा भात जेवायचा आणि आम्ही 'काय वास सुटला आहे' म्हणायचो तेव्हा मान हलवायचा.

बाहेर आले तेव्हा चेतनाचा राग गेला होता. ती मामाजींच्या शेजारी खाली बसली होती आणि हळू आवाजात बोलत होती.

"तुम्हाला एक सांगते. तुमचा हिरानखी पण भेसळच आहे."

मामाजींनी मान वर केली.

"खूप जुन्या काळी कोणत्याच धानाला हा वास नव्हता. वासाची गोष्ट झाडात तयार होऊ लागायची आणि दुसरी एक गोष्ट ती खाऊन टाकायची. ती खाणारी गोष्ट कशी बनवायची हे मजकुरात लिहिलेलं होतं. मग केव्हातरी, हजारो वर्षांपूर्वी, एका झाडात तिथली आठ अक्षरं गळाली. खाणारी गोष्ट बनेना. वास शिल्लक राहिला. जगातल्या बहुतेक सुवासिक धानांत हीच आठ अक्षरं गळालेली सापडतात."

"कशानं गळाली?"

"ते कुणालाच माहीत नाही. उन्हातला एखादा किरण असेल, जमिनीतल्या दगडातून निघणारा असेल, पेशीतलंच काही रसायन असेल. नाहीतर नक्कल करताना नुसता हात घसरला असेल. तेव्हा कोबाल्ट कुठला आणि चेतना कुठली. ते झाड बाकीच्या धानात भेसळ म्हणूनच उभं असणार. कुणीतरी ते उपटलं नाही, एवढंच."

"आठ अक्षरं," मामाजी म्हणाले. "त्रेचाळीस कोटीतली."

"आठ."

आमच्या घरच्या नैवेद्याचा सुवास, पाहुण्यांनी वाखाणलेला, लग्नाच्या पंगतीत लोकांनी मागून घेतलेला, तो मुळात एक मोडतोड होता. उन्हातून आलेला एक दिसतही नाही असा किरण, किंवा पेशीतल्या पेशीत घसरलेला एक हात, आणि तेवढ्यावरून हजारो वर्षं माणसं चुलीपाशी मान वळवत आली. मी स्वयंपाकाला बसले तेव्हा तांदूळ धुताना माझे हात जरा बिचकूनच चालत होते.

चेतनाने मला बाजूला घेऊन आणखी एक सांगितलं. झाड बुटकं आहे म्हणून ते किरणांनीच झालं असं नाही. पूर्वी कधीतरी शेजारच्या एक हजार दहाचा पराग लागून बियाण्यात मिसळ झाली असेल, तरी असं निघू शकतं. तसं असेल तर वास बहुतेक नसेल, आणि वास नसेल तर सगळी धावपळ फुकट. वास असेल तर झाड घरचंच, असं धरून पुढे जायला हरकत नाही. पक्की तपासणी प्रयोगशाळेत होईलच.

"मग बघ ना पान चुरगळून."

"कापलेली पानं तू बोडीत टाकून आलीस, आणि आत्ता त्याचं एक पान पण तोडायचं नाही. ते आयसीयूत आहे."

पुढचे दिवस सगळं घर त्या घमेल्याभोवती फिरलं. आधी सगळी पानं गळाठली. मग दोन फुटवे सावरले, बाकीचे वाळून गेले. त्या दोन लोंब्यांत मोजके दाणे भरायला लागले. मामाजी सकाळी उठले की तोंड धुण्याआधी सपरीत जायचे. चिमण्यांसाठी त्यांनी घमेल्यावर मच्छरदाणीचं कापड बांधलं. बांधीवर जाणं त्यांनी जवळजवळ सोडलं होतं. आपल्या हाताची त्यांना भीती वाटत होती, असं ते सासूबाईंना म्हणाले.

दिवाळीच्या तोंडावर वारा सुटला आणि पाऊस आला. सकाळी भुपेंद्र बांधीवर जाऊन आला आणि सपरीच्या पायरीवर बसला. मामाजींचा हिरानखी धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत आडवा झाला होता. चेतनाच्या बांधीतलीही उंच झाडं लोळली होती.

"बाबा, झालं आता," तो म्हणाला. चिडून नाही, हळूच म्हणाला. मामाजींनी मान हलवली. शब्द दिलेला होता.

चेतना आली ती दोन दिवसांनी. घमेल्यातल्या दोन्ही लोंब्या पिकून सोनेरी झाल्या होत्या आणि बुडाशी एक नवा हिरवा कोंब फुटला होता. कोंबाची पानं लांब झाली होती. तिने कात्री मागितली.

मी पाणी गरम केलं. तिने पानाचे बारीक तुकडे करून स्टीलच्या वाटीत टाकले, वरून पाणी ओतलं आणि वाटीवर ताटली झाकली. थोडा वेळ तसंच ठेवायचं होतं. सपरीत सासूबाई होत्या, मी होते, चेतना होती, केशोराव वास काढत येऊन बसलेच होते. भुपेंद्र ट्रॅक्टरखाली काहीतरी आवळत होता.

मी वाटीकडे सरकले तेव्हा मामाजींनी हात आडवा केला.

"तू नोको, रुची. तू माह्यं मन राखशील. चेतनाले तं वास पायजेच हाये. अना धुरपता माह्याकडे पाहून सांगंल." मग त्यांनी अंगणाकडे तोंड करून हाक मारली. "भुपेंद्र, इकडं ये. तू घे वास."

भुपेंद्र हात पुसत आला. "मी कायले?"

"तुले हा धान नोको हाये. तू खरं सांगशील."

भुपेंद्र बापाकडे बघत राहिला. त्याच्या हातांना ग्रीस लागलं होतं. तो साबण घ्यायला निघाला तर चेतनाने अडवलं, साबणाचा वास नको म्हणून. मग त्याने राखेने हात घासले, धुतले, सदऱ्यालाही पुसले नाहीत, तसेच ओले ठेवले. वाटीसमोर मांडी घालून बसला आणि ताटली उचलली.

मी त्याचं तोंड बघत होते. बावीस वर्षं संसार केला तरी त्या क्षणी मला त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तो वाकला. वाकूनच राहिला. मामाजी वाटीकडे बघत नव्हते. पोराच्या पाठीकडे बघत होते.

भुपेंद्रने मान वर केली. "आहे."

"कशाचा?" मामाजींनी विचारलं.

"आपल्याच घरचा, बाबा. शाळेतनं येत होतो तं गल्लीच्या तोंडापासनं यायचा, तोच." त्याने ताटली बाजूला ठेवली. "पुढच्या साली बोडीजवळची बांधी याले देऊ. एक हजार दहा मी मांगं सरकवतो."

मग आम्ही एकेक करून वाकलो. आधी नुसतं हिरव्या गवताचं पाणी वाटलं. आणि मग त्याखालून तो आला, हलकासा, भाताचं झाकण थोडं सरकवल्यावर येतो तसा. माझे डोळे भरून आले. हजारो वर्षांपूर्वी गळालेली ती आठ अक्षरं त्या कोंबात जशीच्या तशी गळालेली होती, आणि दोन उन्हाळ्यांआधी मोडलेलं एक त्यांच्याच संगतीला येऊन बसलं होतं. झाड दोन्ही घेऊन हिरवंगार उभं होतं. चेतना, जिला सगळं ठाऊक असतं, तीसुद्धा पुन्हा एकदा वाटीवर वाकली.

शेवटी मामाजींनी वाटी ओढून घेतली. दोन्ही हातांत धरून तोंडाशी नेली, डोळे मिटले आणि ती वाफ आत ओढत राहिले. त्यांच्या कपाळावर, मिशांवर पाण्याचे थेंब जमले.

"गरम हाये," ते म्हणाले, आणि वाटी तशीच धरून बसले.